यानात आपले कोणी आहे का?

गेल्या वर्षावासातली गोष्ट. विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे त्या दिवसाचे वाचन आटोपले, वंदना झाली, महिला मंडळाच्या भगिनी घराकडे वळल्या. मुलांचा रविवारचा वर्ग सुरू व्हायला अवकाश होता. म्हणून आम्ही भिंतीला टेकून मोबाईलवर आमची आवडती मालिका पाहत बसलो. एवढ्यात चौथीतला एक पोरगा मागून डोकावला.

"काका, हे काय आहे?"

"स्टार ट्रेक. तीनशे वर्षांपुढची माणसं आहेत. यानात बसून ताऱ्यांकडे जातात."

पोराने थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "ह्यात आपलं कोणी आहे का?"

आम्ही पेशाने कारकून. टेबलावर येणाऱ्या प्रत्येक कागदाला काही ना काही उत्तर देणे हेच आमचे काम. पण या पोराला देण्यासारखे उत्तर आमच्यापाशी नव्हते. "बघून सांगतो," असे आम्ही म्हणालो. वाचकहो, हे कारकुनाचे ठरलेले उत्तर आहे, आणि त्याचा अर्थ काय होतो हे आपण सारे जाणता! पण या वेळी आम्ही खरोखरच बघितले. आमच्या आवडीचे जुने भाग पुन्हा काढून पाहिले. त्या शोधाची ही हकिकत.

या मालिकेशी आमची ओळख जुनी आहे. १९८५ च्या आसपास दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती इंग्रजीतच लागत असे. आम्ही तेव्हा सात-आठ वर्षांचे. वरळीच्या चाळीत वरच्या मजल्यावर एका घरी काळा-पांढरा टीव्ही होता. त्या घरच्या काकू भल्या होत्या, कोणाला हाकलत नसत. तरी घरात चटईवर कोणी बसायचे आणि उंबऱ्याबाहेर कोणी, हे कोणी न सांगता ठरून गेलेले होते. आम्ही उंबऱ्याबाहेरचे. माना वाकड्या करून दाराच्या चौकटीतून आम्ही ते 'एंटरप्राईज' यान पाहिले. इंग्रजी कोणालाच कळत नव्हते. टोकदार कानांचा स्पॉक दिसला की आमची आजी म्हणायची, "याच्या आईनं याचे कान लहानपणी लई ओढले असतील."

पुढे सीडीच्या दुकानातून आणून, इंग्रजी थोडे समजू लागल्यावर, आम्ही तेच भाग रंगीत पाहिले. तेव्हा एक गंमत कळली. कॅप्टनबरोबर लाल सदऱ्यातला एखादा साधा शिपाई अनोळखी ग्रहावर उतरला की तो मेलाच समजावा. आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर सगळेच सदरे करडे, त्यामुळे आम्हाला दर रविवारी नवा धक्का बसे. खालच्या हुद्द्याचा माणूस आधी मरतो, हे मात्र गिरणीत काम केलेल्या आमच्या बाबांना रंगाशिवायही समजत असे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जीन रॉडनबेरी या लेखकाने ती निर्माण केली. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत तिचा पहिला भाग दिसला. तीन वर्षांत ७९ भाग होऊन ती बंद पडली. परंतु लोकांनी तिला मरू दिले नाही. १९८७ पासून तिची नवी पिढी आली, मग आणखी मालिका आल्या, चित्रपट आले. पहिल्या मालिकेत तीन मुख्य माणसे आहेत. स्पॉक म्हणजे प्रज्ञा. डॉक्टर मॅकॉय म्हणजे करुणा. राहिले शील. पण कॅप्टन कर्क दर चार ग्रहांमागे एका सुंदरीच्या प्रेमात पडतो, म्हणून त्याच्या शीलाविषयी आम्ही या कौटुंबिक पानावर जास्त लिहीत नाही.

आमची सर्वांत आवडती व्यक्ती मात्र या तिघांत नाही. ती आहे उहुरा. आफ्रिकन वंशाची ही अधिकारी स्त्री कॅप्टनच्या मागच्या बाजूला कानात यंत्र घालून बसते. येणारा संदेश घ्यायचा, जाणारा पाठवायचा, हे तिचे काम. आम्ही कार्यालयात आवक-जावक सांभाळली आहे, त्यामुळे ही बाई म्हणजे यानाची आवक-जावक पाहणारी, असे आम्हाला वाटले आणि एकदम जवळीक वाटली. तिच्यावाचून एंटरप्राईज बहिरे आणि मुके. पण ज्या अमेरिकेत काळ्या स्त्रीला पडद्यावर बहुधा मोलकरणीचेच काम मिळे, तिथे १९६६ साली ती अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसलेली दिसत होती, हे आम्हाला फार उशिरा समजले.

ही भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी पहिल्या वर्षानंतर मालिका सोडायचे ठरवले होते. वाट्याला येणारे काम थोडे, आणि रंगभूमी खुणावत होती. त्याच सुमारास एका समारंभात त्यांची भेट डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी झाली. निकोल्स यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, किंग यांनी आपण मालिकेचे चाहते असल्याचे सांगितले आणि त्यांना सोडून जाऊ दिले नाही. तुमची जागा मोठी आहे, जग आम्हाला प्रथमच जसे पाहायला हवे तसे पाहत आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. निकोल्स थांबल्या. पुढे १९७७ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी, म्हणजे नासासाठी, स्त्रियांना आणि काळ्या तरुणांना अर्ज करा म्हणून हाक दिली. १९७८ साली नासाने निवडलेल्या ३५ जणांच्या तुकडीत प्रथमच स्त्रिया आणि काळे अंतराळवीर होते. शिकागोत उहुराला पाहत वाढलेली मे जेमिसन ही मुलगी १२ सप्टेंबर १९९२ रोजी खरोखर अंतराळात गेली. पहिली काळी स्त्री! २०२२ साली निकोल्स गेल्या तेव्हा आम्ही घरी मेणबत्ती लावली. मुलांनी विचारले, "पप्पा, ही बाई आपल्या नात्यातली होती का?" आम्ही हो म्हटले.

पण एक गोष्ट आम्हाला टोचते. कर्कला जेम्स हे नाव होते, मॅकॉयला लिओनार्ड हे नाव होते. उहुराला मात्र पडद्यावर स्वतःचे नाव मिळायला २००९ चा चित्रपट उजाडावा लागला. न्योटा हे ते नाव. खुर्ची मिळते, पण नाव मिळायला आणखी त्रेचाळीस वर्षे लागतात. आपल्या वाचकांना याचा अर्थ उलगडून सांगायला नको.

मग त्या यानात आपल्या देशातले कोणी आले का? आले. 'स्पेस सीड' या १९६७ मधल्या भागात खान नूनियन सिंग नावाचा माणूस सापडतो. उत्तर भारतातला, बहुधा शीख, असा अंदाज यानातली इतिहासाची जाणकार बाई करते. भूमिका केली मेक्सिकोच्या रिकार्डो माँतालबान यांनी, आणि झकास केली. पण हा खान कोण? निवडक बीजातून घडवलेला, जन्मानेच श्रेष्ठ म्हणून राज्य करण्याचा आपल्याला हक्क आहे असे मानणारा हुकूमशहा! वास्तविक शीख धर्म म्हणजे एका पंगतीत बसून जेवण्याचा धर्म. पण लेखकांना त्याच्याशी कर्तव्य नव्हते. भारतातून ताऱ्यांपर्यंत पोहोचलेला पहिला माणूस जन्मश्रेष्ठत्वाचे गाठोडे घेऊनच पोहोचला, याचे आम्हाला हसूही येते आणि रडूही. कथेप्रमाणे त्याने १९९२ ते १९९६ या काळात पाव पृथ्वीवर राज्य केले. प्रत्यक्षात त्या वर्षांत आम्ही दहावी-बारावीचे फॉर्म भरत होतो, आणि जन्माने श्रेष्ठ म्हणवणारी माणसे आमच्या आजूबाजूला होतीच.

आता आमच्या घरी ज्या भागाने काम केले त्याविषयी सांगतो. नाव 'द क्लाउड माइंडर्स', साल १९६९. अर्डाना ग्रहावर ढगांत तरंगणारे एक शहर आहे. वरची माणसे चित्रे काढतात, तत्त्वज्ञान बोलतात. खाली खाणींत ट्रॉग्लाइट नावाचे लोक खनिज खणतात. वरच्यांचे ठाम मत असते की, खालच्यांना अक्कलच कमी, त्यांना कला आणि ज्ञान झेपणार नाही. डॉक्टर मॅकॉय तपासणी करतो आणि शोधून काढतो की, खाणीतल्या खनिजातून एक वायू निघतो, तो बुद्धी मंद करतो आणि राग वाढवतो. तोंडावर मुखवटा बांधला, वायूपासून दूर राहिले, की माणूस पूर्ववत. जन्माचा काही संबंध नाही. वरचा सत्ताधीश हे मानायला तयार होत नाही. तेव्हा कर्क त्यालाच खाणीत उतरवतो आणि थोड्या वेळात तो विद्वान जनावरासारखा भांडू लागतो!

गेल्या वर्षी आमची थोरली मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला गेली. एके संध्याकाळी ती घरी आली आणि जेवली नाही. प्रवेशयादी पाहून वर्गातल्या एकाने तिला हसत हसत म्हटले होते, "तुमचं काय बाबा, तुम्हाला कमी मार्कांत मिळतं." तिचे गुण त्याच्यापेक्षा जास्त होते, पण ते त्याने विचारलेच नाही. आम्ही कार्यकर्ते. लगेच घसा खाकरून भाषणाच्या तयारीत आलो. तिची आई म्हणाली, "भाषण नको आता. तुमचं ते यान दाखवा तिला."

आम्ही तिला हा भाग दाखवला. त्यात खाणकामगारांची पुढारी व्हॅना म्हणते की, जे दिसत नाही, जाणवत नाही, त्याने एवढी इजा कशी होईल. कर्क तिला सांगतो की, कल्पनासुद्धा दिसत नाही, पण एका चुकीच्या कल्पनेनेच तुमचे लोक शतकानुशतके खाणीत राहिले. आम्ही मोबाईल थांबवला आणि मुलीला सांगितले की, जात म्हणजे विटांची भिंत नाही, ती मनाची धारणा आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात लिहून ठेवले आहे. या भागाच्या तेहतीस वर्षे आधी.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पप्पा, पण ह्यात दोन चुका आहेत. खाणीतला वायू आपोआप येतो. आपल्याकडचा माणसांनी सोडलेला आहे. आणि इथे मुखवटा कर्क घेऊन येतो, वरून. आपल्याकडे वरून कोणी आलं नाही. आपल्यातलाच एक शिकून आला." एवढे बोलून ती आईला म्हणाली, "वाढ." दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली. त्या मुलाला तिने काय उत्तर दिले ते तिने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. पण आम्ही तीस वर्षे मालिका पाहून जे टिपले नाही ते तिने पन्नास मिनिटांत टिपले, हे आम्ही इथे मान्य करतो.

मुलीने डोळे उघडल्यावर आम्ही आणखी एक आवडता भाग नव्याने पाहिला. 'लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड', तोही १९६९ चा. लोकाई आणि बील ही चेरॉन ग्रहावरची दोन माणसे. दोघांचाही चेहरा मधोमध विभागलेला, अर्धा काळा, अर्धा पांढरा. आमच्या लहानपणीच्या टीव्हीवर या भागाचे रंगावाचून काही अडले नाही! बील लोकाईचा पन्नास हजार वर्षे पाठलाग करतो आहे. कर्क आणि स्पॉक गोंधळतात, कारण त्यांना दोघे सारखेच दिसतात. तेव्हा बील चिडून सांगतो की, तो उजवीकडे काळा आहे आणि लोकाईचे लोक डावीकडे. झाले! एवढाच फरक. जातीचा याहून नेमका नमुना आम्ही पडद्यावर पाहिलेला नाही. गोऱ्या-काळ्यांचा फरक परक्याला निदान दिसतो. आपला फरक तर परक्याला दाखवावा लागतो, आडनाव विचारून.

शेवटी दोघे आपल्या ग्रहावर येतात तर तिथे एकही माणूस जिवंत उरलेला नसतो. सारे द्वेषात संपले. तरीही ते दोघे एकमेकांच्या मागे धावतच राहतात. हे पाहून आम्ही पूर्वी डोळे पुसायचो. आता मात्र आमचे या भागाशी भांडण आहे. लोकाईचे लोक गुलाम होते आणि बीलचे लोक मालक. कथा दोघांचा द्वेष एकाच तराजूत घालते आणि दोघांनाही सारखाच उपदेश करते. मालकाचा द्वेष आणि गुलामाचा संताप ही एकच वस्तू नव्हे. वैराने वैर शमत नाही ही तथागतांची शिकवण आम्ही मानतो. परंतु वैर शमवायचे तर आधी गुलामी संपवावी लागते, हे चेरॉनवर कोणी बोललेच नाही. आवडत्या माणसाशीच आपण मनापासून भांडतो, तसे हे आमचे भांडण.

करुणेचा खरा धडा हवा असेल तर 'द डेव्हिल इन द डार्क' (१९६७) पाहावा. खाणीत एक दगडी प्राणी कामगारांना मारत सुटला आहे. सारे त्याच्या जिवावर उठले आहेत. स्पॉक त्याच्या मनात शिरून पाहतो तो काय, ती आई आहे! कामगारांनी दगडगोटे समजून फोडली ती तिची अंडी होती. डॉक्टर मॅकॉय आपण डॉक्टर आहोत, गवंडी नाही, अशी कुरकुर करीत सिमेंटसारख्या मालाने तिची जखम लिंपतो. आमचे मामा पक्के गवंडी. ते हे पाहून म्हणाले, "हात बरा चालतो डॉक्टरचा." शेवटी खाणकामगार आणि ती आई वाटून काम करतात. पोराबाळांना बरोबर घेऊन पाहण्यासारखा हा भाग आहे.

नव्या पिढीच्या मालिकेतला 'द मेझर ऑफ अ मॅन' (१९८९) हा भाग कायद्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावा. डेटा हा यंत्रमानव यानावर अधिकारी आहे. एक शास्त्रज्ञ त्याला खोलून पाहू इच्छितो. डेटा नकार देतो, तर शास्त्रज्ञ म्हणतो, यंत्र ही मालमत्ता आहे, मालमत्तेला नकाराचा अधिकार कसला? खटला उभा राहतो. कॅप्टन पिकार्ड डेटाचे वकीलपत्र घेतो, पण त्याची बाजू पडू लागते. तेव्हा गायनन ही काळी स्त्री, म्हणजे व्हूपी गोल्डबर्ग, त्याला शांतपणे आठवण करून देते की, घाणेरडी कामे करायला फेकून देण्याजोगे जीव प्रत्येक जगाने बाळगले आहेत. पिकार्डला शब्द सापडतो: गुलामगिरी. निकाल लागतो की, डेटा कोणाची मालमत्ता नाही. आम्हाला महाडचा दावा आठवला. चवदार तळे कोणाच्या खाजगी मालकीचे की सर्वांचे, यावर तिथेही कोर्टात झुंज झाली, आणि बाबासाहेबांनी ती १९३७ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत जाऊन जिंकली. तळ्यावर पाण्याची ओंजळ १९२७ मध्ये भरली होती. कागदावर हक्क उमटायला दहा वर्षे लागली.

आणि आता शेवटचा भाग, जो आम्ही एकटे असतानाच पाहतो. 'फार बियाँड द स्टार्स', १९९८. या वेळच्या मालिकेत अंतराळस्थानकाचा प्रमुख बेंजामिन सिस्को काळा आहे. ही भूमिका करणाऱ्या एव्हरी ब्रुक्स यांनीच हा भाग दिग्दर्शित केला. सिस्कोला दिसते की, आपण १९५३ च्या न्यूयॉर्कमधले बेनी रसेल नावाचे लेखक आहोत आणि एका विज्ञानकथांच्या मासिकात नोकरीला आहोत. वाचकांना लेखकांचे छायाचित्र पाहायचे असते. संपादक बेनीला आणि एका लेखिकेला सुचवतो की, फोटोच्या दिवशी तुम्ही उशिरापर्यंत झोपा, म्हणजे येऊ नका. काळा माणूस आणि बाई लिहितात हे वाचकांना कळता कामा नये! बेनी काळ्या कॅप्टनची कथा लिहितो. सारे म्हणतात कथा उत्तम आहे, पण कॅप्टन गोरा कर. अखेर ते स्वप्न होते असे दाखवायला तो तयार होतो. तरी मालक अख्खा अंक नष्ट करतो आणि बेनीला काढून टाकतो. बेनी कोसळतो आणि ओरडून सांगतो की, कागद नष्ट कराल, पण ते भविष्य माझ्या मनात आहे, ते खरे आहे.

हे पाहताना १९२० चा 'मूकनायक' डोळ्यांपुढे येतो. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला तेव्हाच्या एका नामांकित पत्राने नकार दिला होता. तरी 'मूकनायक' निघालाच. पुढे बाबुराव बागुलांनी १९६३ मध्ये 'जेव्हा मी जात चोरली होती' दिले, दया पवारांनी १९७८ मध्ये 'बलुतं' दिले. आपल्या लेखकांनी आपला काल असा लिहिला की, तो आता कोणाला पुसता येणार नाही. पण आपला उद्या? तीनशे वर्षांनंतर आपण कुठे असू, कोणत्या ग्रहावर आपला विहार असेल, तिथे वर्षावास कोणत्या ऋतूत धरायचा, हे कोणी लिहायचे? ढगांवरच्या शहरातली माणसे लिहितील तर आपण पुन्हा खाणीतच सापडू. उद्याचा सातबारा अजून कोरा आहे.

म्हणून त्या पोराला आम्ही उत्तर दिले, "बघितलं. आपल्यासारखं सोसलेले आहेत, आपल्या बाजूचे आहेत. पण आपलं कोणी नाही अजून. तूच लिही." आणि त्याला एक दोनशे पानी वही दिली. मागच्या रविवारी त्याने ती दाखवली. यानाचे नाव 'रमाई'. यानात त्याची आजी आहे, कारण तिच्याशिवाय डबा कोण करणार? आम्हालाही जागा आहे, संदेशाच्या टेबलावर. "आणि कॅप्टन कोण?" असे विचारल्यावर म्हणाला, "ते ठरलं नाही. ताई म्हणते ती होणार. भांडण चालू आहे."

हे भांडण चालू राहो! पालकांना एवढीच विनंती. मूल मोबाईलवर असले काही पाहत असेल तर लगेच हिसकावून घेऊ नका. अर्धा तास त्याच्याजवळ बसा आणि विचारा, ह्यात आपलं कोणी आहे का? आणि नसेल तर घरात एक कोरी वही आणून ठेवा.

जयभीम!